घरचं सॉर्बे दगडासारखं होतंय? आधी साखर तपासा, मग फ्रीझर

एप्रिल लागला की आमच्या दाराशी स्टीलचे डबे यायला लागतात. डब्यात लालभडक नाहीतर पिवळंधमक काहीतरी गोठलेलं असतं आणि डबा वाजवला तर फरशी वाजावी तसा वाजतो. "ताई, तुम्ही सांगितलं तस्संच केलं, तरी बघा." गेली अकरा वर्षं मी जुळे सोलापुरात घरी फळांचं सॉर्बे करते. कुणाचं ना कुणाचं बिघडलेलं सॉर्बे दर उन्हाळ्यात दुरुस्त करून देते. बिघाड तेच ते असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

सॉर्बे म्हणजे दूध, साय, अंडं काहीही न घालता फळाचा गर किंवा रस, साखर आणि लागलं तर पाणी एवढ्यावर गोठवलेला पदार्थ. शब्द मुळात आपल्या सरबताच्याच घरातला आहे, अरबी-तुर्की वाटेनं युरोपात जाऊन परत आलेला. पण सरबतात साखर कमी-जास्त झाली तर फक्त चव बदलते. सॉर्बेत साखर चुकली की पदार्थाची घडणच बदलते. लोक सगळा दोष फ्रिजला देतात, आणि नव्वद रुपयांच्या साखरेनं मिटणाऱ्या दुखण्यासाठी मेकॅनिकला बोलावतात.

आधी लक्षण ओळखा

सगळ्यात जास्त येतो तो दगड. चमचा शिरत नाही, सुरी टेकवली तर घसरते, जोर लावला तर चमचा वाकतो.

दुसरं, चमचा जातो पण दाताखाली बर्फ करकरतो. तुकडा तोंडात धरून चोखला की रस आणि रंग निघून येतो आणि जिभेवर पांढरा, बेचव बर्फ उरतो. बर्फाच्या गोळ्याचं शेवटी होतं ना, तसं.

तिसरं याच्या उलट. रात्रभर ठेवूनही जमत नाही, पातळ चिखल राहतो. किंवा वर बर्फाचा थर आणि तळाशी घट्ट पाक असे दोन भाग होतात.

चौथं, पहिल्या दिवशी सुरेख असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी वर पांढरा भुसभुशीत बर्फ चढतो आणि आत खडे होतात.

पाचवं चवीचं. कडू-तुरट लागतं, नाहीतर शेंगाचटणीतल्या लसणाचा वास येतो.

पहिलं लक्षण जवळपास नेहमी साखरेकडे बोट दाखवतं. दुसऱ्यात साखर आणि ढवळणं दोन्ही तपासावं लागतं. तिसऱ्यात साखर जास्त झालेली असते किंवा फ्रीझर पुरेसा थंड नसतो. चौथं लक्षण लाइट जाण्याचं, दार उघडझाक करण्याचं आणि डब्याच्या झाकणाचं. तरीही खालचा क्रम सोडू नका. पहिल्या दोन तपासण्यांना एक पैसा लागत नाही, आणि बरेच जण तिथेच मोकळे होतात.

वीस मिनिटं थांबून बघा

फ्रीझर उणे 18 अंशांवर चालत असेल तर चांगलं जमलेलं सॉर्बेही काढल्या काढल्या कडकच असतं. तो बिघाड नाही. दुकानात ते मऊ मिळतं, कारण विकायचं कपाट घरच्या फ्रीझरइतकं थंड ठेवलेलं नसतं.

पण ओट्यावर ठेवून वाट बघू नका. आपल्याकडे वैशाखात पारा 43-44 ला टेकतो, दुपारी स्वयंपाकघरही भट्टी झालेलं असतं. तिथे डबा ठेवला तर पाच मिनिटांत कडेनं पाणी सुटतं आणि मधला गाभा तसाच दगड राहतो. डबा फ्रीझरमधून काढून खालच्या फ्रिजमध्ये ठेवा, वीस मिनिटं. मग चमचा घाला. सहज जात असेल तर तुमच्या सॉर्बेला काहीही झालेलं नाही. वीस मिनिटांनंतरही तो जात नसेल तर पुढची तपासणी करा.

वितळवून चाखा, आणि तळ खरवडा

थोडं सॉर्बे वाटीत काढून पूर्ण वितळू द्या आणि नेहमीच्या खोलीच्या गरमीला चाखा. चव अगदी बेताची, सरबतासारखी छान लागली तर साखर कमी पडलेली आहे. सॉर्बेचं मिश्रण गोठवण्याआधी जरा जास्तच गोड लागलं पाहिजे, इतकं की पेलाभर पिणं नको वाटावं. थंडीनं जिभेला गोडवा कमी जाणवतो. कुल्फी वितळून वाटीत राहिली की किती गोड लागते ते आठवा.

त्याच वेळी मूळ भांड्याचा तळ बोटानं खरवडा. साखरेचे कण लागले तर ती साखर विरघळलीच नव्हती. थंड रसात जाड साखर टाकून दोनदा चमचा फिरवला की ती तळाशी बसून राहते. न विरघळलेली साखर गोठण्याच्या हिशेबात धरता येत नाही, वजनात कितीही बरोबर असली तरी. दहा-पंधरा मिनिटं ढवळा, किंवा अगदी थोड्या पाण्यात पाक करून तो गार झाल्यावर घाला. रस मात्र उकळू नका. उकळलेलं कलिंगड भाजीसारखं लागतं.

हे एवढं साखरेचं का, ते इथेच सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. नुसतं पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात साखर विरघळली की गोठण्याचा बिंदू खाली सरकतो. शंभरात तीस भाग साखर असेल तर पहिला बर्फ साधारण उणे अडीच अंशांच्या आसपास धरायला लागतो. आणि खरी गंमत त्यानंतर आहे. गोठतं ते फक्त पाणी, साखर बर्फात शिरत नाही. जसजसं पाणी बर्फ होत जातं तसतसा उरलेला पाक घट्ट होत जातो आणि त्याला गोठायला आणखी थंडी लागते. म्हणून उणे 18 लाही सॉर्बेत थोडा पाक पातळच राहतो, बर्फाच्या बारीक कणांमध्ये पसरलेला. आपण ज्याला मऊपणा म्हणतो तो हा पाक. साखर कमी म्हणजे पाक कमी, कण एकमेकांना चिकटतात आणि दगड होतो. साखर फार जास्त म्हणजे पाक जास्त, मग जमतच नाही.

म्हणूनच "तब्येतीसाठी साखर निम्मी केली" असं कुणी सांगितलं की मला पुढचं विचारावं लागत नाही. स्टीव्हिया, सुक्रालोजच्या गोळ्यांनीही काम होत नाही. त्या चिमूटभरात गोडी देतात, पण एवढ्याशा पदार्थानं गोठणबिंदू हलत नाही. मधुमेह असलेल्या माणसासाठी सॉर्बे करायचं असेल तर माझ्या अंदाजावर जाऊ नका, किती आणि काय चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. सॉर्बे हा साखरेचा पदार्थ आहे, त्याला आडून काही म्हणण्यात अर्थ नाही.

अंड्याची चाचणी

घरात अंडं चालत असेल तर ही चाचणी फुकटात होते. ताजं अंडं धुऊन पुसून घ्या. आधी साध्या पाण्यात सोडा, ते बुडालं पाहिजे. तरंगलं तर अंडं जुनं आहे, त्यावर विश्वास ठेवू नका. बुडालेलं अंडं मग गाळलेल्या मिश्रणात सोडा. वर आलं आणि त्याचा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा लहान गोल उघडा दिसला, तर साखर साधारण ठीक आहे. तळाशी बसून राहिलं तर साखर कमी. मोठा भाग वर दिसला तर जास्त. साखरेनं पाणी जड होतं, एवढंच यामागचं तत्त्व आहे.

गराच्या घट्ट मिश्रणात, म्हणजे आंबा, सीताफळ, पेरू, यांत ही चाचणी फसवते. अंडं गरात नुसतं अडकून बसतं. ती फक्त रसासाठी वापरा.

काटा: इथे घाई करू नका

मला एकच गोष्ट सगळ्यांना पटवायची असेल तर ती ही, की साखर वाटीनं मोजू नका, वजनानं मोजा. तुमची वाटी आणि माझी वाटी एक नाही. पिठीसाखरेची वाटी आणि जाड साखरेची वाटी तर अजिबात एक नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो.

पण नुसती साखर मोजून भागत नाही, फळातली साखर धरावी लागते. पाककृतीत "एक किलो फळ, दोनशे ग्रॅम साखर" असं लिहिलेलं असतं आणि लोक कलिंगडालाही तेच लावतात, द्राक्षालाही तेच. कलिंगडात शंभर ग्रॅमला विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, साधारण 8 ते 10 ग्रॅम. डाळिंबाच्या रसात 14 ते 16. चांगल्या पिकलेल्या द्राक्षात 18 च्या आसपास, हापूस-केशरच्या गरातही 16 ते 20. पेरूत दहाच्या आत-बाहेर. सीताफळ वीसच्या पुढे जातं. मग एकच प्रमाण सगळ्यांना कसं चालेल?

मला सगळं मिळून शंभरात 28 भाग गोडी हवी असते. 25 ते 30 मध्ये कुठेही जमतं, पण 28 वर आपल्या घरच्या फ्रीझरला सर्वात चांगलं बसतं. हिशेब असा. एक किलो गरात हवेत 280 ग्रॅम. त्यातून फळात आधीच असलेली साखर वजा करा, आणि जे उरेल त्याला 0.72 नं भागा. भागायचं का, तर साखर घातली की एकूण वजनही वाढतं. कलिंगडाचं 280 वजा 90, म्हणजे 190, भागिले 0.72, म्हणजे 265 ग्रॅम साखर. डाळिंबाच्या रसाला याच हिशेबानं 180. द्राक्षाला 140. पेरूला 250. सीताफळाला 80-85 पुरे होतात.

लिंबू यात बसत नाही, त्याच्या रसात गोडी नाहीच. लिंबाच्या सॉर्बेला मी 550 ग्रॅम पाणी, 300 ग्रॅम साखर आणि 150 ग्रॅम रस घेते. आंबट जास्त असल्यानं गोडीही जरा चढी लागते.

मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या अक्का डबा घेऊन आल्या. पद्मशाली घर, हाताला विलक्षण चव, पण सॉर्बे नवीन. एक किलो डाळिंबाचा रस आणि 80 ग्रॅम साखर. रंग असा की नजर हटू नये, पण सॉर्बे मात्र कांडून फोडावं लागेल असं. आम्ही डबा रात्रभर फ्रिजमध्ये वितळू दिला. हिशेब केला. रसात मुळातली 150 आणि घातलेली 80 मिळून 230 ग्रॅम साखर, 1080 ग्रॅम मिश्रणात. म्हणजे शंभरात 21. वर आणखी 100 ग्रॅम साखर घातली की 28 होतात. घातली, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळली, एका लिंबाचा रस पिळला, परत गोठवलं. दुसऱ्या दिवशी अक्कांनी चमचा घातला तो सरळ तळापर्यंत गेला. "वितळवलेलं परत गोठवता येतं होय!" याचंच त्यांना जास्त आश्चर्य वाटलं. येतं. दगड झालेलं सॉर्बे फेकू नका. फक्त ते फ्रिजमध्ये वितळवा, बाहेर नाही. आपल्या उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर उघडं राहिलेलं, आंबूस वास आलेलं किंवा फेस धरलेलं मिश्रण मात्र टाकून द्या, परत गोठवू नका. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात.

मिश्रण जमतच नसेल तर हाच हिशेब उलटा. बहुतेक वेळा डब्यातला आमरस वापरलेला असतो आणि त्यात साखर आधीच घातलेली असते. डब्यावरचं लेबल वाचा. दुरुस्ती सोपी आहे, साखर न घातलेला गर किंवा पाणी मिसळून प्रमाण खाली आणा.

शेतकऱ्याकडचं यंत्र

सोलापुरात राहण्याचा मोठा फायदा इथे आहे. द्राक्ष बागायतदारांकडे रिफ्रॅक्टोमीटर असतो, म्हणजे रसाच्या थेंबावरून गोडी मोजायचं यंत्र. बोलताना काही जण त्याला नुसतं "ब्रिक्स मीटर" म्हणतात. घड काढायचा की आठवडाभर थांबायचं हे त्यावर ठरतं. आपला जिल्हा द्राक्षाचा. सोनाका हा लांब मण्यांचा वाण नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेला. त्यामुळे ओळखीत, नात्यात एखादा तरी बागायतदार निघतोच. पंढरपूर रोडच्या एका काकांनी मला त्यांचा रिफ्रॅक्टोमीटर एका दिवसासाठी दिला आणि माझा अंदाजाचा खेळ संपला.

बोटभर जाडीची नळी असते ती. एका टोकाला तिरकी काच, दुसऱ्या टोकाला डोळा लावायची जागा. काचेवर आधी साध्या पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आहे ना ते बघा, नसेल तर वरचा स्क्रू फिरवून आणा. मग काच पुसून मिश्रणाचा थेंब टाका, झाकण दाबा, बुडबुडा राहू देऊ नका, आणि खिडकीकडे तोंड करून बघा. आत वर निळं, खाली पांढरं दिसतं आणि दोन्हींच्या मध्ये रेघ. ती रेघ जिथे, तेवढे ब्रिक्स, म्हणजे शंभरात तेवढे भाग गोडी. 28 वर आली की गोठवायला घ्या. गर असेल तर रेघ पुसट दिसते, म्हणून थेंब कापडातून गाळून घ्या. मिश्रण गरम असताना मोजू नका, आकडा चुकतो. शेतकऱ्यांकडचं यंत्र बहुधा 32 पर्यंतच दाखवतं, पण आपलं काम त्याच्या आत भागतं.

यानं एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. फळ दर वेळी वेगळं असतं. आपल्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे, मृग, हस्त आणि आंबे अशा तीन बहारांमुळे फळ वर्षभर हाताशी असतं. पण एका बहाराची गोडी दुसऱ्या बहारात असेलच असं नाही. पावसात भिजलेल्या बागेचं फळ पाणचट निघतं. मागच्या वेळचं प्रमाण डोळे मिटून परत लावलं की सॉर्बे बिघडतं, आणि "गेल्या वेळी तर छान झालं होतं" हे वाक्य ऐकू येतं.

साखर बरोबर आहे, तरी करकरतंय

आता प्रश्न बर्फाच्या कणांच्या आकाराचा. कण बारीक असले की जिभेला लोण्यासारखं लागतं, मोठे झाले की रेती. मिश्रण जितकं झटपट गोठेल आणि गोठताना जितकं हलत राहील तितके कण बारीक.

म्हणून मिश्रण आधी रात्रभर फ्रिजमध्ये गार करा. कोमट मिश्रण फ्रीझरमध्ये घातलं तर ते हळूहळू गोठतं आणि शेजारची सामग्रीही गरम करतं. आइस्क्रीमचं मशीन नसेल तर मी हे करते: मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, मग त्या वड्या दोन मिनिटं बाहेर ठेवून मिक्सरमध्ये थोड्या थोड्या फिरवते आणि आधीच गार करून ठेवलेल्या डब्यात भरून लगेच परत आत. सगळ्या वड्या एकदम घालू नका. मोटर तापते, सॉर्बे वितळतं, आणि मिक्सर मध्येच बंद पडतो. पडलाच तर प्लग काढून दहा मिनिटं गार होऊ द्या आणि खालचं लाल बटण दाबा. दोनदा तसं झालं तर त्या दिवशी मिक्सर बाजूला ठेवा.

घरात जुना हातानं फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट असेल तर त्याच्यासारखं काही नाही. चार किलो फोडलेल्या बर्फाला एक किलो खडे मीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली वितळायला लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या डब्यातून ओढून घेतो. मीठ-बर्फाचं मिश्रण उणे वीसच्या आसपास जाऊ शकतं, त्यात मुलांना हात घालू देऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते. आणि लादीचा निळसर बर्फ खाण्यासाठी नसतो, तो फक्त बाहेरच्या बादलीत. आतल्या डब्याच्या झाकणातून खारं पाणी शिरत नाही ना, ते मधूनमधून बघा.

कलिंगड आणि डाळिंब जास्त करकरतात, कारण त्यांच्या रसात पाणी धरून ठेवणारा गर नसतो. आंबा, पेरू, सीताफळ यांना तो आहे. माझा उपाय म्हणजे किलोभर कलिंगडाच्या रसात शंभर ग्रॅम पिकलेल्या पेरूचा गाळलेला गर. चव फारशी बदलत नाही आणि घट्टपणा येतो. एकूण साखरेपैकी चौथा भाग ग्लुकोज पावडर घेतली तरी मऊपणा वाढतो. ग्लुकोजचा रेणू साखरेच्या निम्म्याच वजनाचा, त्यामुळे तेवढ्याच ग्रॅममध्ये तो गोठणबिंदू जवळपास दुप्पट खाली ओढतो, आणि गोडी साखरेपेक्षा कमी असते. हेच काम मध करतो, पण त्याची चव उतरते. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं सॉर्बे चाटवू नका.

कडवटपणाचं थोडक्यात. डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये बारीक वाटले की बिया फुटतात आणि रस तुरट होतो. दोन-तीनदा नुसता झटका द्या आणि गाळा. पांढरा पापुद्रा एकही राहू देऊ नका. लिंबाची साल किसताना हिरवं-पिवळं तेवढंच, पांढरं नको. मिश्रण पितळ, तांबं किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात मुरत ठेवू नका, स्टील किंवा काच घ्या. लसणाचा वास येत असेल तर झाकण बदला आणि सॉर्बेच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचा कागद चिकटवून मग झाकण लावा. वर चढणारा पांढरा बर्फही यानंच थांबतो.

आता फ्रीझरकडे वळा

सुरुवात नाण्यानं. वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवा, वर रुपयाचं नाणं ठेवा. आठवड्यानं बघा. नाणं वरच असेल तर थंडी टिकते आहे. नाणं बर्फात रुतलेलं किंवा तळाशी गेलेलं असेल तर मधल्या काळात सगळं वितळून परत गोठलंय, बहुधा लाइट बराच वेळ गेल्यामुळे. असं होतं तेव्हा लहान कण आधी वितळतात आणि परत गोठताना ते पाणी मोठ्या कणांना चिकटतं. चौथं लक्षण येतं ते इथून. लाइट गेली की फ्रीझर उघडून बघू नका, जितका बंद राहील तितका थंड राहतो.

मग दाराचं रबर. दारात कागद अडकवून बंद करा आणि ओढा. सहज निघाला तर त्या जागी हवा आत शिरते आहे. चारही बाजूंनी करून बघा. आधी साबणाच्या पाण्यानं रबर पुसा, बऱ्याचदा चिकट मळानंच ते बसत नसतं. फाटलं असेल तर बदलून घ्या.

पुढे बर्फाचा थर. एका दाराच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्याला बर्फ चढतो, बोटभर झाला की तोच थंडी अडवतो. डीफ्रॉस्टचं बटण दाबा, रात्रभर वितळू द्या. सुरीनं, उलथन्यानं, पेचकसानं खरवडू नका. त्या पातळ पत्र्याच्या आतून गॅसची नळी जाते. एक टोच पडली की फ्रिज गेला. आणि एका दाराच्या फ्रिजचा वरचा कप्पा मुळात उणे 18 पर्यंत अनेकदा जातच नाही, त्यामुळे तिथे 28 ऐवजी 25-26 वर सॉर्बे करा आणि दोन दिवसांत संपवा.

फ्रिज भिंतीला चिकटवला असेल तर चार बोटं पुढे ओढा. मागची जाळी उघडी असेल तर प्लग काढून मऊ ब्रशनं धूळ झाडा. आपल्याकडे धूळ आणि ऊन दोन्ही भरपूर. मागून गरम हवा निघून गेली नाही तर आत थंडी येत नाही. मग फ्रीझरचा थर्मामीटर आणून एक रात्र मध्यभागी ठेवा. उणे 18 च्या आसपास असेल तर फ्रीझरचा विषय संपला. उणे 12 पेक्षा गरम असेल तर 28 ब्रिक्सचं सॉर्बे तिथे मऊच राहणार.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

थर्मोस्टॅट सर्वात थंडवर ठेवून, रबर पुसून, बर्फ काढून, मागे जागा सोडूनही एका दिवसात थंडी आली नाही, तर तुमचं काम संपलं. कॉम्प्रेसर सुरू होतो आणि टक् करून लगेच बंद पडतो, किंवा सारखा चालतो पण आत गारवा नाही, किंवा बर्फ कप्प्याच्या एकाच कोपऱ्यात धरतो, ही सगळी मेकॅनिकची कामं आहेत. गॅस, रिले, कॉम्प्रेसर यांना घरी हात लावू नका. दिवे मंद होत असतील, व्होल्टेज वरखाली होत असेल तर आधी वायरमनला दाखवा. फ्रिजच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याला परत हात लावू नका. घराचा मेन बंद करा, मग प्लग काढा, आणि अर्थिंग तपासून होईपर्यंत फ्रिज चालू करू नका.

बर्फ काढताना पत्र्याला टोच पडून सूऽऽ असा आवाज आला तर खिडक्या-दारं उघडा, शेगडी पेटवू नका, जवळचं कुठलंही बटण दाबू नका, मेन स्विच स्वयंपाकघराबाहेर असेल तर तिथून वीज बंद करा. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आर-600ए गॅस असतो आणि तो पेट घेतो. कॉम्प्रेसरवरच्या पट्टीवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं.

मेकॅनिकला नुसतं "थंड होत नाही" असं सांगू नका. नाणं रुतलं का, थर्मामीटरवर रात्रीचा आकडा किती, कॉम्प्रेसर किती वेळ चालतो, बर्फ कुठे धरतो, हे कागदावर लिहून द्या. त्याचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात. तो येईपर्यंत सॉर्बेचा डबा शेजारच्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवायला द्या. तेही जमत नसेल तर वितळू लागलेल्या गारेगार मिश्रणात दुप्पट थंड पाणी, चिमूटभर मीठ आणि लिंबू पिळा, आणि लगेच घरातल्या सगळ्यांना सरबत वाटून टाका.